उन्हाची सबब

ओमानातल्या खसबच्या धक्क्यावर माझ्याइतका तोंडाळ तांडेल दुसरा सापडायचा नाही. पेट्रोलवाल्याशी भांडतो, कंपनीच्या मॅनेजरशी भांडतो, लाइफ जॅकेट घालायला कुरकुर करणाऱ्या पाहुण्यांशीही भांडतो, मग त्यांना माझी भाषा कळो न कळो. पण एका गोष्टीबद्दल मी पाच महिने गप्प राहिलो, आणि त्याआधी जे एकच वाक्य बोललो ते खोटं होतं. माझे दाजी हारिब वारले. त्या दिवशी माझ्या बहिणीने किनाऱ्यावरून मला बोलावलं होतं. मोझाताईची समजूत अशी की मला ती दिसली नाही. मला ती दिसली होती. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर मी माझा स्वभाव ओळखतो, बोलता बोलता सारवासारव करीन.

ताईचं सासर लदानाला. खाडीच्या उत्तर काठावर सहा घरं, एक बुटकी मशीद आणि मागे सरळ उभा कडा. रस्ता नाही. प्यायचं पाणीसुद्धा बोटीने येतं. फोन लावायचा तर कड्यावर अर्धा तास चढून जायचं, तेव्हा कुठे एखादी काडी दिसते. म्हणून आमच्याकडे आजोबा-पणजोबांपासून एक रीत आहे. किनाऱ्यावरून कुणी हात हलवला तर तो सलाम. आपणही हात हलवायचा आणि पुढे जायचं. पण कुणी दोन्ही हातांनी डोक्यावर कापड ताणून धरलं आणि ते न हलवता नुसतं उभं राहिलं, तर समोरून जाणाऱ्याने हातातलं काम टाकून काठाला लागायचं. तो कुणीही असो. जाळं पाण्यात असेल तर कापून यायचं.

हे मला हारिबदाजींनी शिकवलं. इंजिन चालू कसं करायचं ते दुसऱ्या दिवशी, पहिल्या दिवशी हे. मी तेव्हा चौदाचा होतो, आईबाप नव्हते, ताईच्या पदराला धरून तिच्या सासरी आलेलो. दुसरा कुणी असता तर बायकोच्या भावाला शेळ्या राखायला लावला असता. दाजींनी मला नावेवर घेतलं, पोहायला शिकवलं, वाऱ्याचा वास घ्यायला शिकवलं, आणि लग्नही लावून दिलं. माझ्या तोंडाळपणाला हसणारा तो एकच माणूस होता. "बोल रे उबैद, तू बोललास की मासे घाबरून वर येतात," म्हणायचे.

पुढे मासेमारी सुटली आणि मी पाहुण्यांच्या स्पीडबोटीवर लागलो. काम झकास. सकाळी साडेनऊला निघायचं, खाडीत डॉल्फिन दाखवायचे, बेटाजवळ पोहायला सोडायचं, दुपारी दीड-दोनला परत. लदानासमोरून रोज जायचो. पाहुण्यांना काहीतरी मजा हवी असते म्हणून गावातल्या पोरांना मीच सांगून ठेवलं होतं, बोट दिसली की खडकावर येऊन हात हलवा. मी तीनदा भोंगा वाजवायचो, पोरं नाचायची, पाहुणे फोटो काढायचे. बदल्यात आठवड्याला ज्यूसचं एक खोकं. ताईला ते आवडायचं नाही. म्हणायची, गावाची माकडं करून ठेवलीस. मी म्हणायचो, माकडांना ज्यूस कोण देतं?

तो शुक्रवार होता. शुक्रवारी गावातले सगळे बाप्ये जुम्याच्या नमाजासाठी आणि बाजारासाठी खसबला येतात, गावच्या दोन्ही होड्या घेऊन. दाजींना बरं वाटत नव्हतं म्हणून ते घरीच राहिले होते. हे मला माहीत होतं. सकाळी धक्क्यावर त्यांचा चुलतभाऊ भेटला होता, त्याने सांगितलं की हारिबच्या पाठीत कळ येते, वारा धरला असेल.

माझ्या बोटीवर बर्लिनचं एक जोडपं होतं. त्यांनी अख्खी बोट घेतली होती, दुसरं कुणी नको म्हणून. आता यात मॅनेजरची एक भानगड आहे. आदल्या हिवाळ्यात असंच एक खास गिऱ्हाईक असताना मी वाटेत एका म्हाताऱ्याला सुकटीच्या पोत्यासकट बोटीत घेतलं. बाईंना वास आला, बाईंनी तक्रार केली, आणि मॅनेजरने मला सगळ्यांसमोर सुनावलं की अख्खी बोट म्हणजे अख्खी बोट, पुन्हा गाववाला चढवलास तर किल्ली टेबलावर ठेवून घरी जा. मी त्यालाही चार शब्द ऐकवले, पण ते मनात बसलं होतं.

लदानासमोर आलो. खडकावर पोरं होती, उड्या मारत हात हलवत होती. आणि त्यांच्या मागे, एक पायरी वर, ताई उभी होती. तिने काळी ओढणी दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून धरली होती. हलत नव्हती.

मी पाहिलं. पाहिल्याबरोबर समजलंही, चाळीस वर्षांची सवय ती. पण बर्लिनच्या बाई हात हलवत होत्या, नवरा डॉल्फिन कधी दिसणार म्हणून घड्याळ दाखवत होता, आणि माझ्या डोक्यात आलं की गॅसची टाकी संपली असेल, नाहीतर दाजींच्या पाठीला मलम हवं असेल. येताना बघू. यांना धक्क्यावर उतरवून मोकळ्या बोटीने येऊ, म्हणजे मॅनेजरची कटकट नको. एवढा विचार करायला किती वेळ लागतो? भोंग्याची दोरी ओढायला लागतो तेवढा. तीनदा भोंगा वाजवला आणि पुढे गेलो.

परत येताना खडकावर कुणी नव्हतं. मला बरं वाटलं. म्हटलं, झालं असेल तिचं काम. बर्लिनवाल्यांना उतरवलं, बोट धुतली, आणि तिसऱ्या प्रहरी अस्रच्या नमाजाला मशिदीत गेलो तेव्हा बातमी आली की हारिब सकाळीच गेले. अकराच्या सुमाराला. पाठीत नव्हतंच काही, काळीज होतं.

मातमाला गेलो. बायका पडद्याआड बसल्या होत्या. मी पडद्याजवळ गेलो तेव्हा ताईने आतून विचारलं, "उबैद, तुला दिसले नाही का रे मी?"

रागाने विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं असं मला वाटतं. पण तिच्या आवाजात राग नव्हता. मी म्हणालो, "ऊन डोळ्यांत होतं, ताई. पोरंच दिसली नुसती."

"तेच म्हटलं मी," ती म्हणाली. "केवढं चमकत होतं पाणी. मलाच तुझी बोट धड दिसत नव्हती."

म्हणजे मी अर्धं खोटं बोललो आणि उरलेलं अर्धं तिने माझ्या पदरात घातलं. घ्यायला मी तयारच होतो.

तिच्या मुलाने मात्र घेतलं नाही. सुहैल खसबला पोलिसात आहे. बोलतो कमी, बघतो जास्त. मातमाच्या तिसऱ्या दिवशी त्याने मला एवढंच विचारलं की मामा, भोंगा वाजवलास ना? मी म्हटलं, पोरांसाठी वाजवला. तो म्हणाला, पोरं दिसली आणि त्यांच्या मागची माझी आई दिसली नाही. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. रस्त्यात दिसलो की पलीकडे जायचा. ईदला माझ्या घरी आला नाही. ताईला हे लागत होतं. विधवेच्या इद्दतीचे चार महिने दहा दिवस ती लदानाला घरात बसून होती, पण येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर निरोप धाडायची, सुहैलचं मनावर घेऊ नकोस, पोर दुःखात आहे, मी समजावते त्याला.

इद्दत सरली आणि सुहैलने तिला खसबला आपल्या घरी आणलं. चौथ्या दिवशी तिने मला बोलावून घेतलं. आधी म्हणाली, वाळलास. मग म्हणाली, जी सफर तू पाहुण्यांना घडवतोस, ती एकदा मला घडव. एकटीला. अख्खी बोट माझी. त्याच वाटेने आणि त्याच वेळेला.

मी विचारलं, कशाला?

"सुहैल माझं ऐकत नाही. म्हणतो, आई, तू काठावरून बोलतेस, समुद्रावरून तुला काय माहीत? खरंय त्याचं. जन्म गेला त्या गावात, पण मी येते-जाते ती पहाटे नाहीतर तिन्हीसांजेला. दहा वाजता समुद्रावरून गाव कसं दिसतं ते मी कधी पाहिलंच नाही. एकदा पाहते आणि त्याला सांगते की बाबा रे, माझ्या डोळ्यांनी पाहिलं, ऊन असतं. माझा नवरा गेला. आता भाऊ आणि मुलगा तोंड फिरवून बसलेले मला नाही चालायचं."

लदाना उत्तरेला आहे. सकाळी दहाचं ऊन आग्नेयेकडून येतं. काठावर उभं राहून समुद्राकडे पाहिलं तर डोळे दिपतात, ताईचे दिपत होते. पण समुद्रावरून गावाकडे पाहिलं की ऊन आपल्या पाठीशी असतं आणि गाव असं लखलखीत दिसतं की दोरीवर कुणाचा सदरा वाळतोय तेही सांगता यावं. खाडीतल्या कुठल्याही तांडेलाला हे माहीत आहे. सुहैल समुद्रावर वाढला नाही, शाळेसाठी लहानपणापासून खसबलाच होता, म्हणून त्याला नुसता संशय होता.

मी टाळाटाळ केली. कधी इंजिन बिघडलं म्हणालो, कधी उत्तरेचा वारा सुटलाय. पंधरा दिवस तिला झुलवलं. सोळाव्या दिवशी ती स्वतःच धक्क्यावर येऊन उभी राहिली, सुहैल बरोबर, हातात कॉफीचा थर्मास आणि खजुराचा डबा. सुहैल माझ्याकडे न बघता म्हणाला की दीडला न्यायला येतो. आणि गेला.

काय करणार होतो? निघालो.

ताईला मी पुढच्या गादीवर बसवलं, लाइफ जॅकेट घातलं. तिने मुकाट घालून घेतलं, वर म्हणाली, तुझ्या पाहुण्यांपेक्षा मी शहाणी निघाले. खाडीच्या तोंडाशी बोट जोरात सोडली तेव्हा तिने दोन्ही हातांनी कठडा धरला. मग हळूहळू एक हात सोडला. खाडीत शिरल्यावर डॉल्फिन आले. ते बोटीच्या लाटेवर खेळायला येतातच, पाच-सहा होते, अगदी कडेला. ताईने आयुष्यभर डॉल्फिन पाहिलेत, पण काठावरून, लांबून. असे हाताशी पाहिले नव्हते. ती वाकून बघत राहिली आणि हसली. म्हणाली, "एवढं रोज बघतोस आणि तरी तोंड असं आंबट?" मग म्हणाली, "ह्यांना कधी असं बसवलंस का रे बोटीत? नुसतं बसायला?"

नव्हतं बसवलं. दाजींना मी कधी सफरीला नेलं नव्हतं. सुचलंच नाही.

खाडीत बोट पूर्वेला जाते, त्यामुळे तिथवर ऊन खरंच समोरून येत होतं. ताईने कपाळावर हात धरला आणि मोठ्या समाधानाने म्हणाली, "बघ! बघ केवढं ऊन आहे. डोळे उघडवत नाहीत. आता बघते कसा बोलतो सुहैल." तिने मला एक खजूर दिला. मी तो तोंडात टाकला. इथूनच मागे फिरावं असं वाटलं. म्हणावं, पाहिलंस ना, चल आता. ती फिरलीही असती, माझ्यावर तिचा एवढा विश्वास. तोंड उघडलंही मी. पण तिने आधीच सांगितलं की शम्साला, म्हणजे तिच्या शेजारणीला, निरोप दिलाय, ती दहा वाजता खडकावर ओढणी धरून उभी राहणार आहे. उगाच वाट बघत राहील बिचारी.

टोकाला वळसा घातला. गाव डाव्या हाताला आलं.

ताईचा हात अजून कपाळावर होता. खडकावर शम्सा उभी होती, काळी ओढणी डोक्यावर ताणून. तिच्या बाहीची लाल किनार दिसत होती. मागे ताईच्या घराचं निळं दार दिसत होतं. पोरं उड्या मारत होती आणि त्यातल्या कुणाचा दात पडलाय हेही कळत होतं. ताईने कपाळावरचा हात खाली घेतला. गरजच नव्हती त्याची.

मी इंजिन बंद केलं. मग तिने मागे वळून सूर्य कुठे आहे ते पाहिलं, पुन्हा गावाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

मी म्हणालो, "दिसलीस तू मला, ताई."

मग मी सगळं सांगितलं. बर्लिनवाले, मॅनेजर, सुकटीचं पोतं, गॅसची टाकी. सांगताना माझं मलाच ऐकू येत होतं की किती फालतू आहे सगळं. एकेक कारण तोंडातून बाहेर पडत होतं आणि मला लाज वाटत होती. मी म्हणालो की येताना थांबणार होतो, खरंच थांबणार होतो.

"भोंगा वाजवलास ना तू," ती म्हणाली.

"हो."

"मी तो ऐकून घरात धावले. ह्यांना म्हटलं, उबैदने पाहिलं, वळतोय तो, आता येतो. ते पडून होते, उठून बसले. म्हणाले, मग मला कपडे दे, असा मळका बोटीत कसा बसू, त्याचे पाहुणे असतील. मी त्यांना धुतलेली दिशदाशा घातली. डोक्याला फेटा बांधून दिला. वहाणा घातल्या पायात. दाराशी खुर्ची ठेवली, तिच्यावर बसले. दर थोड्या वेळाने विचारायचे, आला का? मी म्हणायचे, येतोय, उलट्या पाण्यात वळायला वेळ लागतो. पाऊण तास बसले होते. नंतर विचारलं नाही त्यांनी."

खडकावर शम्सा तशीच उभी होती, हात खाली घे म्हणून तिला कुणी खूण केली नव्हती. ताईने हात वर करून हलवला. शम्साने ओढणी खाली घेतली, पोरांना हाकलत आत गेली.

"इथून काठाला लागायला किती वेळ लागतो?" ताईने विचारलं.

"दोन मिनिटं."

"आणि खसबच्या दवाखान्यात?"

"अर्धा तास. ह्या बोटीच्या वेगाने पंचवीस मिनिटं."

तिने मान हलवली. थर्मास उघडून स्वतःला कॉफी ओतली, पण प्यायली नाही, हातात धरून बसली. मी रडत होतो. पंचावन्न वर्षांचा माणूस, सुकाणूला धरून हुंदके देत होतो. लहानपणी मी रडलो की ती मला जवळ घ्यायची. आता ती तीन हातांवर बसली होती आणि तिने मागे वळून पाहिलं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, चल परत.

परतीच्या वाटेवर पुन्हा डॉल्फिन आले. तिने बघितलं नाही. धक्का दिसायला लागला तेव्हा एवढंच म्हणाली, "सुहैलशी मी बोलेन. तू मध्ये बोलू नकोस."

मी म्हणालो, "मीच सांगतो त्याला. मारू दे मला."

"मारून काय मिळणार त्याला? बाप नाही राहिला, मामा तरी राहू दे. माझं मी बघेन."

सुहैल दीडच्या आधीच येऊन धक्क्यावर उभा होता, पोलिसाच्या कपड्यांतच. मी दोर टाकला, त्याने बांधला. ताईने मी पुढे केलेला हात धरला नाही, मुलाचा धरून वर चढली. लाइफ जॅकेट काढून मला परत दिलं. मग मला ऐकू येईल अशा आवाजात त्याला म्हणाली, "पाहून आले. फार ऊन असतं रे तिथे. डोळे उघडवत नाहीत. तुझ्या मामाला काही दिसलं नसणार." आणि गाडीत जाऊन बसली.

सुहैलने तिच्यामागे गाडीचं दार लावलं. मग बोटीत उतरला. धिप्पाड पोर, बोट कलली त्याच्या वजनाने. त्याने माझ्या खांद्यांवर हात ठेवले आणि नाकाला नाक लावलं, दोनदा, मोठ्यांना करतात तसं. म्हणाला, "मामा, चुकलं माझं. इतके महिने मी तुझ्याबद्दल वाईट बोललो, ठाण्यातसुद्धा बोललो. मला माफ कर."

गाडीची काच वर होती. ताई समोर बघत बसली होती.

मी म्हणालो, "असू दे रे, पोरा."

"नाही, माफ केलं म्हण."

तो माझे खांदे सोडेना. बापासारखेच डोळे आहेत त्याचे.

"केलं माफ," मी म्हणालो.